शून्य, नाहीतर दहा

"समजा..." असं म्हणून बाई चष्मा काढायच्या आणि उजवा हात टेबलापासून वीतभर वर, हवेत आडवा धरायच्या. टाकीत पाणी कुठवर उरलंय हे दाखवताना आपण धरतो तसा. समोर कंपनीचा मालक असो की चहा आणणारा माणूस, हात तसाच असायचा आणि वाक्य पुढे जायचं. "समजा, माल इथपर्यंत उतरला. आज आपण ऑर्डर दिली. आणि समजा, जहाज कोलंबोला अडकलं. मग?"

त्या 'मग'चं उत्तर मिळेपर्यंत बाई हात खाली घेत नसत. मग समोरचा माणूस कंटाळून म्हणायचा, "बरं बाई, तुम्ही म्हणाल तसं," आणि त्या चष्मा परत डोळ्यांवर चढवायच्या.

दुबईत अल क्वोजला औषधं आणि दवाखान्यांचं सामान पुरवणारी एक कंपनी होती. नव्वदच्या दशकात मी तिथे गाड्यांचं काम बघायचो. कुठली व्हॅन कुठल्या दवाखान्यात जाणार, बर्फाचा डबा कुणाबरोबर द्यायचा, ड्रायव्हर शारजात अडकला तर काय, असलं ते काम. बाई स्टॉक कंट्रोलर होत्या. आमची टेबलं समोरासमोर, मध्ये एक फाइलींचं कपाट आणि त्यावर सदैव गळणारा एसी.

तुम्ही औषधाच्या दुकानात जाता, चिठ्ठी देता, औषध मिळतं. ते तिथे आधीपासून का असतं, याचा विचार आपण कुणी करत नाही. कुणीतरी, कधीतरी, न दिसणाऱ्या एका टेबलावर बसून ठरवलेलं असतं की या औषधाची इतकी खोकी उरली की पुढची मागवायची आणि मागवताना इतकी मागवायची. आमच्या कंपनीत ते बाई ठरवायच्या. ऑफिसात त्याला री-ऑर्डर लेव्हल म्हणायचे. बाई नुसतं 'पातळी' म्हणायच्या.

गोदामाचा मुख्य युसूफ केरळचा. त्याच्याशी बाई हिंदीत बोलायच्या, म्हणजे 'समजा'चं 'समझो' व्हायचं. पहिले काही महिने युसूफला ते त्यांचं आडनाव वाटलं. फोन आला की तो ओरडायचा, "समझो मॅडम, आपका कॉल." पुढे त्याला खरं कळलं, पण तोवर नाव रुळलं होतं. फिलिपिनो रिसेप्शनिस्टसुद्धा बाहेरच्या माणसांना "मिसेस समझो इज ऑन लीव्ह" असं सांगायची. बाईंनी कधी दुरुस्त केलं नाही.

बाई सांगलीच्या. संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या. कॉलेजात शिकवायचं म्हणून शिकल्या आणि लग्न करून नवऱ्यामागे इथे आल्या. कंपनीत आल्या त्या बिलं टाइप करायला. तेव्हा सगळ्या मालाला एकच नियम होता: महिन्याभराचा उरला की दोन महिन्यांचा मागवायचा. बाईंनी बिलं टाइप करता करता जुन्या मॅनेजरना विचारलं, "पॅरासिटामॉलला आणि विंचवाच्या विषावरच्या इंजेक्शनला एकच नियम कसा?" ते एक म्हातारे पॅलेस्टिनी गृहस्थ होते. त्यांनी पाइप खाली ठेवला आणि म्हणाले, "यल्ला मॅडम, चल, तू कर." तेव्हापासून पातळ्या बाईंकडे आल्या.

मी एकदा विचारलं होतं की याची एवढी आवड कशी. तर म्हणाल्या, "आवड कसली हो मोरे. शिकले ते वाया जाऊ नये म्हणून वापरते."

पण ते खरं नव्हतं. अल मनखूलच्या त्यांच्या फ्लॅटवर मी शुक्रवारी जेवायला जायचो. एकटा राहणारा माणूस, बोलावलं की जायचोच. स्वयंपाकघरात डाळी-तांदळाचे काचेचे डबे रांगेनं आणि प्रत्येक डब्यावर नेलपॉलिशची एक लाल रेघ. डाळ रेघेखाली गेली की आणायची. मिठाची रेघ अगदी तळाशी, कारण मीठ खाली दुकानात केव्हाही मिळतं. गोड्या मसाल्याची रेघ जवळजवळ झाकणाला टेकलेली, कारण तो सांगलीहून यायचा आणि आणणारा माणूस कधी येईल याचा नेम नसायचा.

"आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली," त्यांचे यजमान म्हणायचे, "पण शेजारी वाटी घेऊन जायचं भाग्य काही लाभलं नाही."

"बाबांची काय लेव्हल आहे, ते विचार आईला," मी त्यांच्या मुलीला म्हणालो.

"मम्मा हॅज अ लाइन ऑन एव्हरीथिंग," ती टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली.

बाई चुकायच्याही. एका वर्षी शाळांमध्ये कांजिण्यांची साथ आली. बाईंनी नर्सना फोन केले, शाळांच्या गैरहजेरीची चौकशी केली आणि अंगाला लावायच्या त्या गुलाबी औषधाची प्रचंड ऑर्डर दिली. माल बंदरात उतरला आणि साथ ओसरली. पुढे वर्षभर ऑफिसात कुणाला मच्छर चावला, घामोळं आलं, दाढी करताना कापलं, तरी बाई ड्रॉवरमधून गुलाबी बाटली काढायच्या. युसूफनं दोन बाटल्या केरळला नेल्या. बाई स्वतः हसायच्या त्यावर. "आठशे बाटल्यांचा धडा आहे," म्हणायच्या, "मुलं खाजवायची थांबली की मला फोन करत नाहीत."

मला त्यांच्या कामातलं गणित कळत नसे, पण दोन गोष्टी त्यांनी इतक्यांदा सांगितल्या की कळल्या. एक, माल मागवल्यापासून येईपर्यंत जे दिवस जातात, तेच खरे दिवस. इतर दिवशी कुणीही दुकान चालवेल. आणि दुसरी त्या चिडल्या की सांगायच्या. "माल उरला, मुदत संपली, की नुकसानीच्या रकान्यात आकडा येतो. तो सगळ्यांना दिसतो. माल कमी पडला तर त्याला रकानाच नाही. ते नुकसान दुसऱ्याच्या घरी होतं ना."

त्यांच्या यादीत एक इंजेक्शन होतं. रक्त गोठत नाही अशा आजाराच्या मुलांना लागणारं. ऑफिसात त्याला सगळे नुसतं 'फॅक्टर' म्हणायचे. युरोपातून यायचं, थंडीत ठेवावं लागायचं, महाग, मुदत कमी आणि आणायला सरकारी परवाना. नवीन कॉम्प्युटर आला तेव्हा त्यानं हिशोब करून सांगितलं की याची सरासरी मागणी महिन्याला दोन बाटल्या.

बाईंनी तो कागद माझ्यासमोर धरला. "बघा हे. महिन्याला दोन. अहो, महिन्याला दोन बाटल्या कधी कुणी नेल्याच नाहीत. शून्य, शून्य, शून्य, मग एकदम दहा. मग परत शून्य. सरासरी म्हणजे जे एकदाही घडलं नाही ते." मग म्हणाल्या, "कोण आहेत हे दहावाले? मला बघायचंय."

दहाच्या ऑर्डरी रास अल खैमाच्या दवाखान्यातून यायच्या आणि तिथे आमची व्हॅन जायचीच. एके दिवशी मीही निघालो आणि बाई पुढच्या सीटवर बसून आल्या. उम्म अल क्वैनच्या पुढे रस्त्यात उंट आडवे आले तेव्हा ड्रायव्हर शिव्या द्यायला लागला. बाई शांतपणे म्हणाल्या, "हे धरलंच नव्हतं मी. डिलिव्हरीच्या वेळेत उंट धरायला हवेत."

तिथल्या दवाखान्यातल्या फार्मासिस्टनं सांगितलं, तुमच्याकडून येणारं फॅक्टर बहुतेक एकाच मुलासाठी लागतं. बाप सिरॅमिकच्या कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवतो, तुमच्याच बाजूचा आहे. आम्ही पत्ता घेऊन गेलो. सलीमभाई रायगडकडचे, श्रीवर्धनजवळच्या गावातले. ते ड्यूटीवर होते. घरी त्यांची बायको नजमा आणि सहा वर्षांचा इम्रान.

इम्रान अंगणात तीनचाकी सायकल चालवत होता. त्याच्या पॅंटला दोन्ही गुडघ्यांवर आतून स्पंज शिवलेला. सायकलच्या पॅडललाही स्पंज, हँडललाही स्पंज. भिंतीचे कोपरे जुन्या गादीचे तुकडे बांधून मऊ केलेले. नजमानं सगळं घरच असं शिवून ठेवलं होतं.

"नाव काय रे तुझं?" बाईंनी विचारलं.

"माय नेम इज इम्रान."

"मराठी येतं का?"

"लिटल, आंटी."

"समजतं सगळं," नजमा म्हणाली. "बोलायला लाजतो."

चहा झाला. बाईंनी त्यांचं नेहमीचं सुरू केलं. वर्षातून किती वेळा लागतं, कुठल्या महिन्यांत, शाळा असताना जास्त की सुट्टीत. नजमा ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "कधी पडणार ते आम्हाला ठाव असतं तर मी त्याला त्या दिवशी मांडीवर घेऊन बसले नसते का?"

बाईंनी पेन बंद केलं. इतकी वर्षं त्या जो प्रश्न आकड्यांना विचारत होत्या त्याचं उत्तर त्यांना मिळालं होतं, असं मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं.

निघताना नजमा दारापर्यंत आली. "बाई, ते इंजेक्शन तुमच्याकडनंच येतं ना? ते कधी संपत तर नाही?"

आता खरं म्हणजे बाईंनी 'समजा' म्हणायला हवं होतं. पण मुलगा समोर स्पंजच्या सायकलवर गोल फिरत होता. बाई म्हणाल्या, "मी तिथे आहे तोवर नाही संपणार."

आकड्यांशी इमान राखणाऱ्या माणसानं उभ्या जन्मात बोलू नये असं ते वाक्य होतं. तुमच्या-माझ्यासारखे लोक दिवसातून चार वेळा असं बोलतात, त्यानं काही होत नाही.

परत आल्यावर बाईंनी फॅक्टरची पातळी बारा बाटल्यांवर नेली. मुलगा एकदा पडला तर दहा लागणार आणि नवा माल येईपर्यंत परत काही झालं तर हाताशी थोडं असावं. दर वर्षी त्यातल्या काही बाटल्यांची मुदत संपायची. म्हातारे मॅनेजर सही करताना भुवई वर करायचे. बाई म्हणायच्या, "ते भाडं आहे, सर." ते सही करायचे.

मग ते म्हातारे मॅनेजर निवृत्त होऊन मुलाकडे कॅनडाला गेले आणि नवे जनरल मॅनेजर आले. दिल्लीचे, तरुण, कुठल्याशा मोठ्या कंपनीतून आलेले. माणूस वाईट नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे, कारण पुढचं ऐकून तुम्हाला तसं वाटेल. तो वेळेवर यायचा, सगळ्यांना नावानं हाक मारायचा, लेबर कॅम्पमध्ये त्यानं नवे एसी बसवून घेतले. त्याला मालकानं एकच काम दिलं होतं. गोदामात पैसा पडून सडतोय, तो बाहेर काढ.

त्यानं गोदाम पाहिलं, मुदत संपलेल्या मालाचा आकडा पाहिला आणि मीटिंग बोलावली. नियम साधा होता. जो माल तीन महिने हलत नाही, त्याची पातळी शून्य. दवाखान्याची लेखी ऑर्डर आली तरच मागवायचा.

"सर," बाई हिंदीत म्हणाल्या, "जो माल नहीं हिलता वो दो तरह का होता है. एक जो नहीं चाहिए और एक..." त्यांनी चष्मा काढला, हात वर गेला. "समझो, एक बच्चा है..."

"मॅडम," तो हसून म्हणाला, "समझो पे बिझनेस नहीं चलता."

दोघं-तिघं हसले. बाई हसल्या नाहीत. "सर, बिझनेस समझो पे ही चलता है. बाकी तो बिलिंग है."

हे त्याला लागलं. दुसऱ्या दिवशी नियमाचं परिपत्रक आलं. त्यात फॅक्टरचं नाव नव्हतं, कुठल्याच औषधाचं नाव नव्हतं. 'न हलणाऱ्या मालाची यादी स्टॉक कंट्रोलरने तयार करून सहीनिशी सादर करावी,' एवढंच होतं.

बाईंनी यादीतून फॅक्टर वगळलं. यादी परत आली. विक्रीचा कागद जोडलेला: शून्य, शून्य, शून्य, शून्य. नियमात बसत असताना हे का वगळलं? बाई आत जाऊन भांडल्या. काचेतून आम्हाला त्यांचा हात दिसत होता, टेबलापासून वीतभर वर. बाहेर आल्या तेव्हा चेहरा लाल झालेला. म्हणाल्या, "तो म्हणतो, अपवाद करायचा तर मालकाकडे जाऊन करा. मालकाला म्हणतो, बाई ऐकत नाहीत."

त्या सुमारास त्यांच्या यजमानांची बांधकाम कंपनी बंद पडली होती. ते घरी होते. मुलगी अकरावीत. बाईंनी यादीत फॅक्टर घातलं आणि सही केली. मग बेसिनवर जाऊन बराच वेळ हात धूत राहिल्या.

पण त्या गप्प बसल्या नाहीत. दवाखान्याच्या फार्मासिस्टला फोन केला, तुम्ही थोडं जवळ ठेवा. तो म्हणाला, बजेट वर्षअखेर येतं, इन्शाल्ला तेव्हा बघू. सलीमभाईंना कारखान्यात फोन करून सांगितलं, डॉक्टरांच्या मागे लागा, लेखी ऑर्डर द्यायला लावा. सलीमभाई लागलेही असतील. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या माणसानं डॉक्टरांच्या मागे लागायचं म्हणजे किती लागणार. उरलेल्या बाटल्यांची मुदत संपली, नव्या आल्या नाहीत. कॉम्प्युटरमध्ये त्या ओळीपुढे शून्य दिसायला लागलं आणि त्या महिन्याच्या मीटिंगमध्ये गोदामाचा खर्च कमी झाल्याबद्दल केक कापला गेला. बाईंनी केक खाल्ला नाही. "शुगर आहे मला," म्हणाल्या. त्यांना शुगर नव्हती.

इम्रान उन्हाळ्याच्या सुट्टीआधी शाळेच्या बसमधून उतरताना पायरीवरून घसरला. उजवा गुडघा.

सलीमभाईंचा फोन माझ्या टेबलावर आला, "बाई आहेत का?" मी फोन समोर दिला. बाई ऐकत होत्या आणि त्यांचा हात टेबलावर पालथा पडलेला होता. "हो," म्हणाल्या. "नाही. नाहीये. भाई, मी बघते. फोन ठेवा, मला फोन करू द्या."

त्यानंतर बाईंनी जे फोन केले तसे मी कुणाला करताना पाहिलेले नाहीत. युरोपातल्या कंपनीला ऑर्डर गेली, पण परवान्याशिवाय माल विमानात चढत नाही आणि परवान्याचा साहेब रजेवर. दुसऱ्या पुरवठादारांकडे होतं ते त्यांच्या दवाखान्यांसाठी राखलेलं. अबू धाबी, शारजा, फुजैरा. हिंदी, इंग्रजी, मोडकं अरबी. फोनवरच्या एका अनोळखी बाईपुढे त्या चक्क रडल्या आणि मग फोन ठेवून पुढचा नंबर फिरवला. तिकडे डॉक्टर रक्तपेढीतून मिळेल ते देऊन, बर्फ लावून निभावत होते. शेवटी अल ऐनच्या एका दवाखान्यानं काही बाटल्या उसन्या दिल्या. त्या आणायला मी स्वतः गेलो आणि वाटेत दुबईला बाईंना घेऊन तसाच रास अल खैमाला. बर्फाचा डबा मागे ठेवायची सोय होती, पण बाईंनी तो मांडीवर घेतला होता. त्यांचा पंजाबी ड्रेस भिजला होता.

तोवर फार उशीर झाला होता. गुडघा शहाळ्याएवढा. नजमा खाटेशेजारी बसली होती. तिनं बाईंकडे पाहिलं आणि नजर परत मुलाकडे वळवली.

"हाय आंटी," इम्रान म्हणाला.

डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, जिवाला धोका नाही, पण आत रक्त फार साचलंय. सांधा पूर्वीसारखा होईल असं सांगता येत नाही. तो झाला नाही. पाय त्या गुडघ्यात पुन्हा पुरता वाकला नाही आणि पुरता सरळही झाला नाही.

दवाखान्यानं तक्रार केली. युरोपातल्या कंपनीनंही विचारणा केली, कारण एजन्सी आमची होती. मालक स्थानिक अरब, वयस्क, ऑफिसात क्वचित यायचे. त्या दिवशी आले. आत काय झालं ते बाईंनीच मला सांगितलं, आणि त्यांनी ते इतक्या सपाट आवाजात सांगितलं की मी प्रत्येक शब्द अजून ऐकू शकतो.

जनरल मॅनेजरनं यादी पुढे ठेवली. म्हणाला, मी सर्वसाधारण नियम दिला होता. कुठलं औषध त्यात घालायचं ते मॅडमनी ठरवलं. हे खोटं नव्हतं.

मालकांनी कागद बाईंपुढे सरकवला. "मॅडम, ये साइन तुम्हारा?"

"हां सर, मेरा."

"ये काम तुम्हारा?"

बाई म्हणाल्या, कामही माझंच, पण मी आधी सांगितलं होतं की...

"खलास," मालक म्हणाले. रागानं नाही. दमल्यासारखे म्हणाले आणि घड्याळाकडे पाहिलं.

त्याच वर्षी आधी, कामाच्या अहवालात बाईंवर ठपका होता की त्या गरजेपेक्षा जास्त माल साठवतात. तो कागदही त्याच फाइलीत होता म्हणे. मालकांनी तो वाचला की नाही, माहीत नाही.

बाईंनी ड्रॉवर रिकामा केला. त्यात त्या गुलाबी औषधाची एक बाटली निघाली, मुदत केव्हाच संपलेली. ती त्यांनी कचऱ्यात टाकली, मग बाहेर काढली, युसूफला दिली आणि म्हणाल्या, "नियमाप्रमाणे नष्ट करा." युसूफ दाराशी उभा राहून रडला. बाई त्याच्या खांद्यावर थोपटत होत्या, जसं काही नोकरी त्याची गेली होती.

नंतरची गंमत ऐका. जनरल मॅनेजर घाबरला होता. त्यानं फॅक्टरची जी ऑर्डर दिली ती बाईंच्या स्वप्नातही आली नसती. शीतपेटी भरली, दुसरी भाड्यानं घेतली. त्यातलं बहुतेक पुढच्या वर्षी फेकलं गेलं आणि त्यावर कुणी एक शब्द बोललं नाही. त्याला बढती मिळाली, तो सिंगापूरला गेला. जाताना त्यानं मला पेन दिलं. चांगलं पेन होतं.

बाईंच्या जागी एक सॉफ्टवेअर आलं. ते महिन्याला दोन सांगायचं.

बाई घरी शिकवण्या घ्यायला लागल्या. गणित, नववी-दहावी. यजमानांना काम मिळेना. मुलीची बारावी झाली की सांगलीला परत जायचं ठरलं. मी शुक्रवारी जायचो तेव्हा त्या ऑफिसबद्दल काही विचारत नसत. इम्रानबद्दल विचारायच्या. मी सांगायचो ते ऐकून घ्यायच्या आणि स्वयंपाकघरात जायच्या.

मला जे माहीत होतं ते मी त्यांना सगळं सांगत नव्हतो. सलीमभाई एकदा दुबईला आले होते, मला भेटले. म्हणाले, "मोरेभाई, मला सगळं कळतं हो. बाईंनी आमच्यासाठी जिवाचं रान केलं. पण नजमाच्या डोक्यातून जात नाही. तुमचा मोठा साहेब तिनं कधी बघितला नाही. तिच्या दारात येऊन 'नाही संपणार' म्हणून बोलल्या त्या बाई. ती म्हणते, माझ्या घरात चहा पिऊन खोटं बोलली."

जायच्या आधीच्या शुक्रवारी बाईंचा फोन आला. "मोरे, गाडी मिळेल का? रास अल खैमाला जाऊन येऊ. भेटून जाते त्यांना." मी म्हणालो, ऊन फार आहे, फोन करा ना. त्या म्हणाल्या, "फोन फार केले."

मी मित्राची गाडी मागून आणली. बाईंच्या हातात पिशवी होती. नारळाच्या वड्या, रंगीत पेन्सिली आणि भूमितीची कंपासपेटी. उम्म अल क्वैन मागे पडल्यावर म्हणाल्या, "पाचवीत गेला असेल ना आता? पाचवीत कोन सुरू होतात."

घराची बेल वाजवली. आत पावलं वाजली, थांबली. मग कुजबुज झाली. बऱ्याच वेळानं दार अर्धं उघडलं आणि त्यात इम्रान उभा होता. उंच झाला होता. उजवा पाय थोडा पुढे काढून, दाराच्या कडीला धरून उभा.

"मम्मी इज स्लीपिंग, आंटी," तो म्हणाला. त्याची नजर बाईंच्या चपलांवर होती.

"हो का," बाई म्हणाल्या. "झोपू दे. उठवू नकोस." पिशवी त्यांनी पुढे केली.

त्यानं मागे वळून पाहिलं, मग पिशवीकडे. हात थोडा उचलला आणि खाली घेतला. "आय कान्ट, आंटी."

आतून कुकरची शिट्टी झाली.

मुलाचा चेहरा लालबुंद झाला. बाईंनी पिशवी परत आपल्या हाताशी घेतली आणि दुसऱ्या हातानं त्याच्या कपाळावर आलेले केस मागे सारले.

"कुकर बंद कर जा बाळा," त्या हळूच म्हणाल्या. "आवाजानं उठेल ती."